नकोचा चौकोन

मी फार बोलतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की लपवलं. शाळेत एकतीस वर्षं भाषा शिकवली आणि त्यातली निदान वीस वर्षं तास संपल्याची घंटा झाल्यावर शिकवली. वार्षिक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे, निवृत्त होणाऱ्यांच्या निरोपाचं भाषण माझ्याकडे. पाहुणे उशिरा आले तर मधल्या पाऊण तासाचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या शाळेला कधी पडलाच नाही. बायको म्हणते, तुम्ही शाळेत असता तेवढे तास माझ्या कानांना सुट्टी. मला ते कौतुकच वाटायचं.

अशा माणसाला, जिला बोलता येत नाही अशा मुलीच्या मदतीला बसवायचं, ही अक्कल कुणाची असेल? माझीच. शिक्षण खात्याचं पत्र आलं की विशेष मदत लागणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक शाळेतून एका शिक्षकानं पाच दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ते शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. सगळे आपापली नखं बघायला लागले. मी उभा राहिलो आणि संवाद हा माणसाचा श्वास आहे, असं काहीतरी सुरू केलं. चौथ्या वाक्याला मोठ्या बाईंनी माझं नाव लिहूनही टाकलं होतं. मी मात्र भाषण पूर्ण केलं.

मुलगी नऊ वर्षांची, चौथीतली. घरीदारी सगळे तिला बिट्टी म्हणत. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेली, त्यामुळे चाकांच्या खुर्चीत. मान तिचं ऐकत नाही, भलतीकडेच वळते. बोलायला गेली की आवाज निघतो, शब्द निघत नाही. उजव्या हाताची मूठ मात्र ती नेम धरून नेते. वेळ लागतो, पण नेते. आणि डोकं लख्ख. शेजारी दोन वेण्यांची मैत्रीण बसायची. तिनं कानात काही सांगितलं की बिट्टी खुर्ची हलेपर्यंत हसायची. ते विनोद बहुधा माझ्यावरच असायचे, हे मला फार उशिरा कळलं.

आता मुद्द्याची गोष्ट. सत्राच्या शेवटी एक पडताळणी होणार होती. मुलीला आपलं म्हणणं दुसऱ्याला स्वतः सांगता येतं असं दिसलं, तर ती आमच्या शाळेत राहणार. नाही दिसलं, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या खास शाळेत जाणार. ती शाळा वाईट नव्हती. पण बस सकाळी सहाला, जायला दीड तास, यायला दीड तास, पट्टा बांधून एका जागी. बिट्टीची पाठ अर्ध्या तासातच दुखायला लागायची. तिची आई एका मोठ्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि साडेसातला कामावर हजर व्हायची. पहिल्याच भेटीत ती मला म्हणाली, "सर, तिला इथंच राहायचंय. मला माहितीये. पण माझं सांगणं चालत नाही, तिनं सांगायला हवं म्हणतात. तेवढं तिला सांगता येईल असं करा." मी म्हटलं, ताई, तुम्ही निश्चिंत राहा. त्यानंतर वीस मिनिटं मी तिला निश्चिंत कसं राहायचं ते समजावलं आणि तिची बस चुकली.

अशा मुलांसाठी चित्रांचा तक्ता करतात. पुठ्ठ्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चित्र, खाली शब्द. मूल ज्यावर हात ठेवील ते त्याचं बोलणं. मी दोन रविवार घालवून चाळीस चौकोन केले. पाणी, भूक, शू, झोप, वही, मैत्रीण, शाळा, आई, हो. इथवर ठीक होतं. पुढे मी भाषेचा शिक्षक झालो. सुप्रभात. धन्यवाद. मला आनंद झाला. कृपया पुन्हा समजावा. आणि मधोमध, दोन चौकोनांची जागा घेऊन, सर. त्यात माझा फोटो, हातात माईक असलेला. दुसरा बरा फोटो सापडला नाही, असं मी बायकोला सांगितलं.

बायको कात्रीनं चित्रं कापून देत होती. तिनं सगळे चौकोन दोनदा बघितले आणि विचारलं की यात नको कुठाय. मी म्हटलं, आपण सकारात्मकतेवर भर देतोय. खरी गोष्ट अशी की प्रशिक्षणाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी हो आणि नको हेच शिकवलं होतं, सगळ्यात आधी हे दोन चौकोन करा म्हणून. त्या वेळी मी मागच्या बाकावर शेजारच्या बाईंना माझे अनुभव सांगत होतो. बायको म्हणाली, "पोरीला तुमचा राग आला तर तिनं हात कुठं ठेवायचा?" मी म्हटलं, माझा कुणाला राग येतो? तिनं माझ्याकडे बघितलं, आणि कापत राहिली.

तक्ता बिट्टीच्या खुर्चीच्या फळीवर बसवला. पहिल्या दिवशी मी तिला एकेक चौकोन समजावून सांगितला. तासभर लागला. शेवटी मोठ्या प्रेमानं विचारलं, बोल बेटा, काय बोलायचंय तुला? तिची मूठ हळूहळू निघाली आणि शूवर थांबली. मी लगेच मावशींना हाक मारली. या मावशी म्हणजे आमच्या शाळेतल्या मदतनीस. लहान मुलांना शूला नेणं, स्वच्छतागृहं धुणं, पडलेल्यांना मलम लावणं ही त्यांची कामं. धिप्पाड बाई, आणि दिवसाला मोजून वीस शब्द बोलणार. त्या आल्या, खुर्ची ढकलत घेऊन गेल्या. मी वर्गात टाळ्या वाजवल्या. पहिला शब्द बोलली म्हणून.

पुढचे तीन आठवडे ती तोच शब्द बोलत राहिली. पडताळणीला दाखवायला मी नोंदवही ठेवली होती. दिवस, वेळ, चौकोन. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बेरीज केली. शू, चौऱ्याऐंशी वेळा. सुप्रभात दोनदा, तेही मी तिचा हात धरून नेला म्हणून. वेळा बघितल्या तर बहुतेक शू ही मी तिला वेगळं घेऊन बसायचो त्या दुसऱ्या तासाला. तिथंही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट मी त्यातून निष्कर्ष काढला की सकाळचं पाणी साधारण त्याच वेळी उतरत असणार. एकतीस वर्षं मुलांना उताऱ्यावरून प्रश्न सोडवायला शिकवणारा माणूस, आणि माझं आकलन हे असं.

मी तिच्या आईला बोलावून सांगितलं की मूत्रपिंडं तपासून घ्या. बिचारीनं अर्धा दिवस रजा टाकली, पोरीला घेऊन दवाखान्यात तिष्ठत बसली. सगळं व्यवस्थित निघालं. मग ती घाबरली ती वेगळ्याच गोष्टीनं. दिवसात सहा-सहा वेळा पोर वर्गाबाहेर असते, हे नोंदवहीत दिसलं तर पडताळणीवाले म्हणतील की हिला इथं झेपत नाही. तिनं त्यावर एक उपाय काढला. सकाळी घरून निघताना ती पाणी देणार नव्हती, आणि मीही डब्याच्या सुट्टीपर्यंत देऊ नये.

मी हो म्हटलं. घाईत नव्हे, चांगला विचार करून हो म्हटलं.

पुढचे अकरा दिवस बिट्टी सकाळी पाण्यावर मूठ ठेवायची आणि मी म्हणायचो, सुट्टीत हं बेटा, आता थोडीच राहिलीये. वर संयमावर चार शब्द. नोंदवहीतलं माझ्याच हातचं वाक्य अजून डोळ्यांसमोर आहे. "पाणी: पाच वेळा. संयम शिकवला." अक्षर काय सुंदर आहे माझं.

आणि शू काही कमी झाली नाही. बाराव्या दिवशी तर एकट्या दुसऱ्या तासाला तिसऱ्यांदा झाली. मावशी तिला घेऊन गेल्या त्या पंधरा मिनिटं आल्या नाहीत. माझं डोकं सटकलं. मावशी वेळ काढतात, मुलीचं नुकसान होतं, आज ऐकवतोच, असं म्हणत मी तरातरा गेलो. मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर एक छोटी खोली आहे, फडकी आणि बादल्या ठेवायची. तिथं खिडकीजवळ बिट्टीची खुर्ची होती. मावशी स्टुलावर बसून एका हातानं तिच्या तोंडाशी चोचीचा पेला धरून होत्या. बिट्टी डोळे मिटून पाणी पीत होती. दोघी एक अक्षर बोलत नव्हत्या. माझ्यासमोर बिट्टीचे खांदे कायम कानांपर्यंत चढलेले असायचे. मला वाटायचं, ते तसेच आहेत. इथं ते खाली होते.

मी विचारलं, हिला शू लागली होती ना?

"नाही," मावशी म्हणाल्या. "तिला सहसा लागलेली नसतेच, सर. तिला तिथून निघायचं असतं. तुमच्या तक्त्यावर बाहेर पडायचा तेवढा एकच चौकोन आहे."

"मग मला सांगायचं होतंत ना."

"दोनदा आले होते. तुम्ही बोलत होतात."

मग त्यांनी पेला खाली ठेवला, बिट्टीची हनुवटी पुसली आणि विचारलं की सकाळी हिचं तोंड एवढं कोरडं का असतं, ओठ का चिकटलेले असतात. मला तोंडात मारल्यासारखं झालं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच मला प्रश्नाचं उत्तर येत होतं आणि देता येत नव्हतं. मी म्हटलं, बघतो. आणि परत आलो. वर्गात येऊन खुर्चीत बसलो. शरम वाटली, खरंच वाटली. एखाद्या तहानलेल्या पोराला पाणी नाकारणारा माणूस मला रस्त्यात दिसता तर मी त्याला चार लोकांत उभं करून भाषण ठोकलं असतं.

संध्याकाळी घरी बायकोला चौऱ्याऐंशी शूंची हकिगत सांगितली. ती पदर डोळ्यांना लावून हसली. हसता हसता म्हणाली, तरी बरं, मला निदान स्वयंपाकघरात जायची सोय आहे. मीही हसलो. पाण्याचं मी तिला सांगितलं नाही. मोठ्या बाईंनाही नाही. शूची गोष्ट हसण्यावारी नेता येत होती. पाण्याची येत नव्हती, म्हणून ती मी गिळली.

दुसऱ्या दिवशी बिट्टीच्या आईला निरोप दिला की आता पाणी द्या, गरज राहिली नाही. कारण सांगितलं नाही. बिट्टीची मात्र माफी मागितली. मनापासून मागितली आणि पूर्ण तासभर मागितली. शेवटी तिनं शूवर मूठ ठेवली.

मग मी नकोचा चौकोन केला. लाल, ठसठशीत. जागा नव्हती म्हणून सुप्रभात कापून काढलं. बायको म्हणाली, तुमच्या फोटोएवढा मोठा करा, तेवढा लागेल. तो लावला त्या दिवशी बिट्टी त्रेचाळीस वेळा नको म्हणाली. स्वेटर नको. वही नको. माझी गोष्ट नको, तिचं तात्पर्य तर नकोच नको. दर वेळी तिच्या तोंडावर असं काही समाधान यायचं की मी आपलं मुकाट्यानं पुढचं काहीतरी विचारायचो, तिला आणखी एकदा म्हणता यावं म्हणून.

खात्याकडून दर पंधरवड्याला एक वाचातज्ज्ञ बाई यायच्या. तिशीतल्या, शांत. त्यांनी आमचा एक तास बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या की सर, तुम्ही प्रश्न विचारता आणि ती हात उचलायच्या आत उत्तरही देता. प्रश्न विचारा आणि थांबा. मनात तीस मोजा. मला सातच्या पुढे जाता येईना. शेवटी दातात पेन्सिल धरायला लागलो. पंधरा दिवसांत चार पेन्सिली चावून टाकल्या, पण तीसपर्यंत गेलो. आणि तिसाव्या आकड्याला काय काय यायचं! मैत्रीण, शाळा, नको. मी चक्रावलो, मग बाक बघितला तर मैत्रीण आलीच नव्हती. सर, झोप, म्हणजे आज तुम्ही पेंगताय. खरंच पेंगत होतो. एवढी गमतीदार मुलगी दोन महिने माझ्यासमोर बसून होती आणि मी तिला धन्यवाद म्हणायला शिकवत होतो.

मला वाटलं, आता आमचं जमलं. मीच ते ठरवलं आणि तिला काही विचारलं नाही. तरी नोंदवहीत लिहिलं, "विद्यार्थिनीचा शिक्षकावर विश्वास बसला आहे."

पडताळणी ग्रंथालयाच्या खोलीत होती. खात्याचे अधिकारी, वाचातज्ज्ञ बाई, मोठ्या बाई, मी, आणि खुर्ची धरायला मावशी. आईला बाहेर बाकावर बसवलं होतं, ती खुणा करील म्हणून. अधिकारी बारीक चणीचे, सभ्य गृहस्थ होते. त्यांना मुलीला घालवायचं नव्हतं की ठेवायचंही नव्हतं, त्यांना फक्त खात्री हवी होती. वाचातज्ज्ञ बाईंनी दोन फोटो फळीवर ठेवले, डावीकडे आमची शाळा, उजवीकडे ती दुसरी, आणि विचारलं की तुला कुठली हवी. सगळे थांबले. मूठ निघाली, डावीकडे गेली. त्यांनी फोटोंची अदलाबदल केली आणि पुन्हा विचारलं. मूठ उजवीकडे गेली. आमची शाळा. नंतर ती आपणहून तक्त्याकडे वळली आणि मैत्रीण या चौकोनावर थांबली. अधिकाऱ्यांनी मान डोलावली आणि लिहायला घेतलं. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात, लिहिता लिहिता, सहज बोलावं तसं त्यांनी विचारलं, "आणि सर? सर आवडतात ना?"

आम्ही सगळे हसलो. बिट्टीची मूठ निघाली. माझ्या फोटोवर आली, थांबली. मग उचलली गेली आणि नकोवर आली.

मोठ्या बाई घाईनं म्हणाल्या की हात घसरला, दमली असेल, असं होतं तिचं. माझीही मान हलली, खोटं कशाला सांगू. अधिकाऱ्यांचा पेन थांबला. ते सौम्यपणेच म्हणाले, "हात आत्ता घसरला असेल, तर मघाशीही घसरला असेल. मग मला तिचं उत्तर अनिश्चित असं लिहावं लागेल."

वाचातज्ज्ञ बाई माझ्याकडे बघत होत्या. मावशी खिडकीकडे. मला कळत होतं की हात घसरला म्हटलं तर माझी अब्रू राहते, आणि पोर सहाच्या बसमध्ये पट्ट्यानं बांधली जाते. एवढं सरळ असूनही मला क्षणभर वेळ लागला, हे लिहून ठेवतो. एकतीस वर्षांची शेखी काही पटकन खाली उतरत नाही.

"हात घसरला नाही," मी म्हटलं. "तिला मी नको आहे. दोन महिने ती हेच सांगतेय."

अधिकारी म्हणाले, का नको? मी तोंड उघडलं. सगळी हकिगत तयार होती, शू, चौऱ्याऐंशी, हशा कुठं घ्यायचा तेही. तोंड मिटलं. म्हटलं, ते तिला विचारा, मी बाहेर थांबतो. माझ्यासमोर तिला सांगता यायचं नाही.

बाहेर बाकावर तिची आई बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. दाराला काच होती. आत बिट्टीची पाठ दिसत होती आणि उजवा हात. तो हात हलत होता. थांबत होता, वाचातज्ज्ञ बाई मान हलवत होत्या, आणि तो पुन्हा निघत होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. भिंतीवरच्या घड्याळात मी सतरा मिनिटं मोजली. बिट्टी एका दमात एवढं बोललेली मी कधी बघितली नव्हती. मध्येच तिनं हात मागं नेऊन मावशींच्या हाताला लावला, आणि अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

आई म्हणाली, "काय सांगत असेल एवढं?"

मी म्हटलं, "पाण्याचं सांगत असेल."

तिचा चेहरा उतरला. हातातला रुमाल तिनं पिळायला घेतला. म्हणाली, ते तर मी सांगितलं होतं तुम्हाला. मी म्हटलं, तुम्ही घाबरला होतात, ताई. मी घाबरलो नव्हतो. मला नोंदवही नीट दिसायला हवी होती. मग त्या स्वच्छतागृहाशेजारच्या खोलीत काय बघितलं ते तिला सगळं सांगितलं. सहा-सात वाक्यांत झालं. ती दारावरच्या काचेकडे बघत राहिली.

आम्हाला दोघांनाही आत बोलावलं. अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं. विद्यार्थिनी स्वतःचं म्हणणं स्पष्टपणे मांडते, ती याच शाळेत राहील. आईच्या तोंडून नुसता श्वास निघाला. दुसरं असं की मदतीसाठी ती शिक्षकांऐवजी मावशींना मागते, तेव्हा पुढचं प्रशिक्षण मावशींना द्यावं. मावशी घाबरून म्हणाल्या की मी फक्त सातवी शिकलेय. वाचातज्ज्ञ बाई म्हणाल्या, तुम्हाला थांबता येतं, बाकीचं शिकवू. मी खाली बघत होतो. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, आणि तरी मी तिच्या जागी असतो तर मीही मावशींनाच मागितलं असतं.

"आता शेवटचं," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला. "पाणी, सर, नको. असं तिनं चार वेळा सांगितलं. हे काय आहे?"

मी उभा राहिलो. म्हटलं, अकरा दिवस मी हिला डब्याच्या सुट्टीपर्यंत पाणी दिलं नाही. ती मागत होती, मी दिलं नाही. नोंदवहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. आई मध्येच म्हणाली की नाही साहेब, मीच सांगितलं होतं, चूक माझी आहे. मी म्हटलं, त्यांचा काही संबंध नाही. मोठ्या बाई म्हणाल्या की शाळेला यातलं काही माहीत नव्हतं. अधिकारी तारखा विचारायला लागले, मी तारखा सांगायला लागलो, आई रडत आपली बाजू सांगत राहिली, मोठ्या बाई नोंदवही मागत राहिल्या. चार मोठी माणसं एकाच वेळी बोलत होती आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज अर्थातच माझा होता.

"थांबा," मावशी म्हणाल्या. "ती बोलतेय."

आम्ही वळून बघितलं. बिट्टीची मूठ फळीवरून केव्हाच निघाली होती. आम्ही सगळे गप्प झालो. ती माझ्याकडे बघत होती, आईकडे नाही, अधिकाऱ्यांकडे नाही, आणि हात हळूहळू तक्त्यावरून चालला होता. तो कुठं जाऊन थांबणार होता ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.